साठ वर्षांपूर्वी मेलेला माणूस पाहिजे

हाती आलेली वस्तू उलटीसुलटी करून बघावी, हे मला भरताची वांगी घेताना कळतं. जॅझचं नोटेशन घेताना कळलं नाही. इंटरनेटवर एक झकास जुनी अमेरिकन धून सापडली, शेजारी 'फुकट' असं लिहिलेलं. मी तिच्या चार प्रती काढल्या आणि ऐटीत तालमीला नेल्या. प्रत्येक पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिकट करडी इंग्रजी अक्षरं उमटली होती. मला वाटलं, झेरॉक्सवाल्याच्या यंत्रात घाण आहे. त्याच्याशी भांडूनही आलो. तो बिचारा म्हणत होता, "भाऊ, मशीनमध्ये काही नाही, तुमच्या कागदातच आहे." मी म्हटलं, "आम्हाला शिकवू नको."

ती अक्षरं म्हणजे 'नमुना' असा शिक्का होता. पहिलं पान नमुन्यादाखल फुकट, पुढची पानं विकत. हे आम्हाला कळेपर्यंत पावसाळा संपून कापूस घरात आला. तोवर आम्ही ते एकच पान वाजवत होतो. पानाच्या शेवटी सूर जिना उतरता उतरता एक पाय अधांतरी ठेवून थांबायचे. पुढे काही नाही. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि वाद्यं खाली ठेवायचो.

"हे असंच संपतं?" आमचे ड्रमवाले सुरवाडे सर पहिल्या दिवशी म्हणाले. ते हायस्कुलात गणित शिकवतात. उत्तर न येता उदाहरण संपलेलं त्यांना चालत नाही.

"जॅझ आहे सर," मी म्हणालो. "ते मुक्त असतं."

आबांनी मात्र एके दिवशी कागद उचलला, उजेडात धरला, उलटा केला, मागची कोरी बाजू बोटानं चाचपली आणि माझ्याकडे बघितलं.

"माप कमी आहे," आबा म्हणाले.

आबा म्हणजे आमच्या मंडळाचे संस्थापक, सॅक्सोफोनवादक आणि निवृत्त वजनमाप निरीक्षक. यातलं तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. मूळचे सोनगीरचे, नोकरी बरीचशी धुळ्यात, आणि निवृत्तीनंतर जळगावात आमच्या कॉलनीत. खिशात कायम एक पितळी वजन. पंख्यानं नोटेशन उडू नये म्हणून ते कागदावर ठेवायचे. कागद नसला तर नुसतंच हातात खेळवायचे. भाजीवाल्या बाया त्यांना लांबून येताना बघून काटा पुसून ठेवायच्या. एका लग्नात वाढप्यानं श्रीखंड जरा हात आखडून वाढलं, तर आबा त्याला अगदी मायेनं म्हणाले, "बाळा, घाबरू नको. मी आता रिटायर आहे. पण हा चमचा कोणत्या कंपनीचा?"

सॅक्सोफोन त्यांच्याकडे आला तोही वजनावर. धुळ्यात एका भंगारवाल्याचा काटा तपासायला ते गेले होते. काटा खोटा निघाला. त्याच क्षणी त्या काट्यावर, पितळेच्या घागरी आणि फुटक्या नळांच्या ढिगात, कुठल्या तरी मोडलेल्या बँडचा एक सॅक्सोफोन पडलेला होता. आबांनी आधी काट्याला सील ठोकलं, मग शेजारच्या दुकानातून खरा काटा मागवला, त्यावर सॅक्सोफोन तोलला आणि किलोच्या भावानं विकत घेतला. "माझ्या वाद्याला खोट नाही," ते सांगायचे. "तोलून घेतलंय." वाजवायला कसं आहे, हे त्या दिवशी त्यांनी विचारलंच नव्हतं. पुढे पिंपळनेरच्या विश्रामगृहात, आठवडेबाजाराच्या दौऱ्यावर असताना, रेडिओचं बटण फिरवता फिरवता कुठलं तरी परदेशी स्टेशन लागलं आणि त्यांना कळलं, की आपल्या घरी पडलंय त्याच्यातून हे असलं निघतं. तिथून जॅझ.

तालीम धरणगाव रस्त्यावरच्या एका बंद जिनिंगच्या काटाघरात व्हायची. बाहेर ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा, आत खिडकीशी त्याचे लाल आकडे. जिनिंग बंद, पण काटा आबांच्या कृपेनं चोख चालू. आमचे ट्रम्पेटवाले हिरामणभाऊ धरणगावचे. उभी हयात वरातीच्या बँडमध्ये गेलेली. त्यांना चालल्याशिवाय फुंकताच यायचं नाही. एका जागी उभं केलं की श्वास अडकायचा. म्हणून ते वाजवत वाजवत दारातून बाहेर पडायचे, वजनकाट्यावरून एक फेरी मारायचे आणि आत यायचे. ते काट्यावर गेले की आत खिडकीत लाल आकडे उजळायचे. त्याकडे बघून आबा मान हलवायचे.

"हिरामण वजनात शे, सुरात नही."

"आबा, वजन तरी पुरं शे ना?" बाहेरून हिरामणभाऊ ओरडायचे.

मी क्लॅरिनेट वाजवतो. शाळेच्या बँडपथकात असताना शिकलो होतो, एवढंच त्याबद्दल सांगण्यासारखं आहे. आबा मला वाजवण्यापेक्षा थांबायला शिकवत. नोटेशनमध्ये विराम आला की मी घाई करायचो. आबा हात वर करून थांबवायचे. "न वाजवलेल्याचंही माप पुरं द्या. गिऱ्हाईक हवेचेही पैसे देतं."

तर या माणसाच्या हातात मी फुकटचा अर्धा माल दिला होता. त्या दिवशी त्यांनी मंडळाला नियम घालून दिला: ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय वाजवायचं नाही. विचारायला कोणी उरलंच नसेल, तरच फुकट. आपल्याकडे कायदा असा, की धून रचणारा गेल्यावरही साठ वर्षं तिच्यावर हक्क राहतो. शिवाय मूळ धून एकाची असते आणि ती ट्रम्पेटला एवढी, सॅक्सोफोनला एवढी अशी वाटून लिहिणारा दुसराच असतो. दोघंही जाऊन साठ वर्षं झालेली पाहिजेत.

"म्हणजे मला आता मेलेली माणसं शोधायची?" मी म्हणालो.

"एक पान तुम्हीच आणलं ना? पुढची तुम्हीच आणा."

पुढचे काही महिने मी रोज जेवण झालं की अमेरिकेतल्या मेलेल्या माणसांची चौकशी करायचो. शेजारून बायको विचारायची, "आज कोण गेलं?" मी म्हणायचो, "कोणी नाही, सगळे जिवंत." आणि माझा चेहरा पडायचा. लोक दीर्घायुषी असावेत, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण एक ट्रम्पेटवाला व्यसनी, कर्जबाजारी, छातीचा रोगी, आणि तरी शंभरीला टेकून गेला, हे वाचून माझी चिडचिड झाली. दुसऱ्याचं सगळं जुळलं, पण साठाला थोडी वर्षं कमी पडली. आबांना फोन केला. ते म्हणाले, "थोडक्यात हुकला. थांबू या त्याच्यासाठी."

"आबा, त्याच्यासाठी थांबायला आपण असू का?"

मग आबा म्हणाले, "आपण असू. दात नसतील."

ती खरी अडचण होती. दातांच्या डॉक्टरांनी आबांना सांगून ठेवलं होतं, की समोरचे दात हलताहेत, उन्हाळ्यात काढावेच लागतील. सॅक्सोफोनचं तोंड समोरच्या दातांवर टेकवून धरायचं असतं. कवळीवर ते बसत नाही, निदान आबांना बसवता येणार नव्हतं. आयुष्यात एकदा, चार लोकांसमोर, एक जॅझची धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची, एवढं एकच त्यांचं मागणं होतं. कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघानं आखाजीनंतरच्या रविवारी हॉल दिला. दातांच्या डॉक्टरांनी त्यानंतरचा सोमवार दिला.

आणि मला यश आलं. आमचीच ती धून, पूर्ण, सगळी पानं, शिक्का नाही. कुणीतरी एका संग्रहात चढवून ठेवली होती. मूळ रचणारा केव्हाच गेलेला. वाद्यांत वाटून लिहिणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात होतं. आबांना पुरावा लागे. अमेरिकेतल्या नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला मी कुठून आणणार? पण त्याच नावाच्या माणसाच्या थडग्याचा फोटो मिळाला. हिरवं गवत, पांढरा दगड, वर नाव आणि साठ वर्षांच्या आतबाहेरचा वाद उरणार नाही इतकं जुनं साल. आबांनी फोटो मोठा करून बघितला, चष्मा काढून डोळे पुसले.

"चांगला माणूस असेल," ते म्हणाले. "गवत किती नीट ठेवलंय."

आता आखाजी आली. बाहेरच्यांसाठी सांगतो: आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. पितरांच्या नावानं घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, नि आंबा ठेवायचा, उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत गेलेल्यांची नावं घ्यायची आणि विस्तवावर त्यांच्या नावाचा घास टाकायचा. याला आगारी म्हणतात. आबांनी ठरवलं, ज्यांचं संगीत आपण फुकट घेतो, त्यांची घागर आपण भरली पाहिजे. ते खातील काय, एवढाच प्रश्न.

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. अक्का सरळ उखडल्या. "यासना बाप कोन, माय कोन, माले माहित नही. आनि मी पुरनना घाट घालू?"

"अगं, पाहुणे समज."

"पाहुना जेवाले येस. हाई कोन शे?"

पण केलं सगळं. पुरणपोळी, आमरस, कुरडया. आम्ही तिघं सोवळ्यात असल्यासारखे चेहरे करून उभे. आबांनी आधी आपल्या आजापणजाचं नाव घेतलं, मग अमेरिकेकडे वळले. कुंकवात बोट बुडवून एकाचं नाव, मग दुसऱ्याचं. गावाचं नाव उच्चारता येईना, तेव्हा म्हणाले, "मुक्काम पोस्ट अमेरिका." दुसऱ्याचा घास टाकला तेव्हा विस्तव जरा जास्तच फुरफुरला. तूप जास्त होतं, असं मी म्हणतो. हिरामणभाऊ अजून म्हणतात, "मी तवाच वयखी लिधं." म्हणजे, तेव्हाच ओळखलं.

दोन दिवसांनी मी घरी कौतुकानं ही हकिगत सांगत होतो. बायको फोनवर काहीतरी बघत ऐकत होती. तिनं विचारलं, "त्या दुसऱ्यांचं नाव काय म्हणालात?" मी सांगितलं. तिनं नाव शोधलं, वर सरकवलं, खाली सरकवलं आणि फोन माझ्यासमोर धरला.

"मग हा केक कोण कापतंय?"

फोटोत एक गोरेपान, टक्कल पडलेले आजोबा होते, गळ्यात कागदी हार, समोर नव्वद लिहिलेला केक. पाठीमागच्या भिंतीवर आमच्याच धुनेचं पहिलं पान चौकटीत लावलेलं. थडग्याखाली होता तो त्याच नावाचा भलताच कोणी.

तो फोन घेऊन मी आबांकडे गेलो. त्यांनी फोटो बघितला. पितळी वजन टेबलावर ठेवलं. उठले, ओलं फडकं घेतलं आणि उंबरठ्यावरचं ते बोट पुसायला लागले. कुंकू लाकडात मुरलं होतं. गुलाबी डाग राहिलाच.

"जिवंत माणसाची घागर भरली मी," ते म्हणाले. "आगारी टाकली. उद्या त्याला ठसका लागला तरी तो माझ्या माथी."

"आबा, नोटेशन रीतसर विकत घेऊ. मग तर झालं?"

"नोटेशन विकत घ्याल. घागरीचं काय?"

रविवार तोंडावर आला होता आणि आबांनी सॅक्सोफोन पेटीत घालून पेटीचे दोन्ही खटके लावून टाकले. त्यावर पितळी वजनही ठेवलं. अक्का मला दाराशी गाठून म्हणाल्या, "भाऊ, काही करा. जेवत बी नही. त्या मानूसनी घागर भरी, आनि उपास हाऊ करस."

मग बायकोनंच मार्ग काढला. त्या आजोबांच्या नातीचा पत्ता तिथेच होता. मी लिहिलं: आम्ही भारतातले हौशी वादक, आपल्या आजोबांची एका गैरसमजाबद्दल माफी मागायची आहे. कसला गैरसमज ते लिहिलं नाही; तेवढं इंग्रजी मला येत नाही. नातीनं कळवलं, आजोबा फोनवर बोलतील, त्यांना ऐकून फार उत्सुकता लागली आहे.

आमची संध्याकाळ होती, त्यांची सकाळ. काटाघरात फोन पितळी वजनाला टेकवून उभा केला. आजोबा दिसले, हातात कॉफीचा मोठा मग, मागे नात. आबांनी हात जोडले आणि मराठीत बोलायला सुरुवात केली. आखाजी म्हणजे काय इथपासून. घागर, डांगर, उंबरठा, थडग्याचा दगड, आपली नोकरी, आपला सचोटीचा लौकिक. शेवटी म्हणाले, "सांगा त्यांना."

मी इंग्रजीत म्हणालो, यांना फार वाईट वाटतंय.

आबा माझ्याकडे वळले. "एवढंच? मी केवढं बोललो! तुम्ही इथंही माप कमी देता?"

तेव्हा सांगावंच लागलं. मी डोळे मिटून सांगून टाकलं, की महाशय, आम्ही तुम्हाला मेलेले समजलो आणि रिवाजाप्रमाणे तुमच्या नावानं जेवण घातलं.

पलीकडे काही हललं नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग आजोबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसता हसता त्यांना जोराचा ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला, हातातला कॉफीचा मग कलंडला. नात पाठ थोपटायला धावली. आबा ताडकन उभे राहिले.

"गेला! आगारी लागली त्याला! पाणी द्या म्हणावं, पाणी!" आणि घाबरून त्यांनी स्वतःच्याच हातातला तांब्या फोनपुढे धरला.

आजोबा सावरले. डोळे पुसत म्हणाले, "जेवायला काय होतं?"

मी सांगितलं. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई. कुरडई समजावून सांगायला वेळ लागला. ते विचारात पडले. मग म्हणाले, "मी जिवंत असताना माझ्यासाठी कोणी एवढा स्वयंपाक केला नाही." मागून नात काहीतरी रागानं बोलली. ती वाक्यं मी आबांसाठी भाषांतरित केली नाहीत.

धून खुशाल वाजवा, ते म्हणाले, पण आधी मला ऐकवा.

आबांनी खटके उघडले. आम्ही उभे राहिलो. हिरामणभाऊ सवयीनं दाराबाहेर निघाले, काट्यावर चढले, आत लाल आकडे उजळले. आणि पहिलं पान संपलं तिथे आम्ही चौघंही थांबलो. पुढची पानं समोर होती, आम्हाला पाठ होती. पण इतके महिने ज्या अधांतरी पायरीवर पाय ठेवून थांबलो होतो, तिथे पाय आपोआप थांबायचा. तालमीत आबा रोज त्यावरून ओरडत. सुरवाडे सरांनी मनात मोजलं, आबांनी मानेनं इशारा केला, आणि आम्ही पुढचं पान धरलं.

संपल्यावर आबा खाली मान घालून म्हणाले, "त्यांना सांगा, मधे थांबलो ती चूक आमची. लिहिलेलं नाही ते."

आजोबांनी कॉफीचा मग खाली ठेवला. "ठेवा तसंच," ते म्हणाले. "तिथे काहीतरी कमी पडतंय, असं मला ही लिहिली तेव्हापासून वाटत होतं. ते काय होतं ते आज कळलं."

मी हे आबांना शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"पुरं सांगितलं?"

"पुरं, आबा. तोलून."

रविवारी हॉल भरला. वैशाखाचं जळगाव; कूलर बंद केले तर श्रोते जातील, चालू ठेवले तर सूर. चालू ठेवले. आबांनी कोट घातला होता. धून सुरू झाली आणि हिरामणभाऊ वाजवत मंचावरून उतरले, खुर्च्यांच्या मधून निघाले, दारातून बाहेर पडले. पहिलं पान संपलं. आम्ही थांबलो. लोकांना वाटलं, झालं. टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेतले ज्येष्ठ नागरिक संघाचे नाना हार घेऊन आभार मानायला उठले, मागचे चहाकडे निघाले, एकानं मुलाला चप्पल घालायला सांगितली. आबा जागचे हलले नाहीत. सॅक्सोफोन दातांशी, डोळे मिटलेले. विरामाचं माप ते पुरं देत होते. आणि बाहेर, पार्किंगमधल्या मोटारसायकलींतून, हिरामणभाऊंचा ट्रम्पेट पुढच्या पानाचा पहिला सूर घेऊन आत आला.

लोक जिथे होते तिथे खाली बसले. काही चहाच्या टेबलाशीच जमिनीवर बसले. नाना हार हातात घेऊन शेवटपर्यंत उभे होते.

शेवटचा सूर आबांनी इतका लांब धरला की सुरवाडे सर मोजता मोजता थांबले. मग त्यांनी सॅक्सोफोन खाली घेतला, जिभेनं समोरचे दात एकदा चाचपले आणि मंचावरून अक्कांकडे बघून म्हणाले, "माप पुरं झालं."

सोमवारी दात गेले. आता आबा जास्त करून धुळ्याला मुलाकडे असतात. कवळी लावतात, तालमीला मात्र एसटीनं येतात आणि आमच्यात उभं राहून फक्त विराम वाजवतात. हात वर करतात, खाली घेतात. त्यांच्याइतका चोख विराम खान्देशात दुसरा कोणी वाजवत नाही.

त्या रविवारी मात्र आम्ही हॉलमधून स्कूटरवर घरी निघालो होतो. बायको मागे बसलेली. मी हळूच विचारलं, "कसं झालं?"

"आबांचं? डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"आणि माझं क्लॅरिनेट?"

ती थोडं थांबली. विरामाचं माप अगदी पुरं दिलं तिनं.

"अक्कांच्या उंबरठ्यावर ते एक बोट पुसलेलं आहे ना," ती म्हणाली, "ती जागा रिकामीच आहे. पुढच्या आखाजीला तिथे तुमच्या क्लॅरिनेटचं नाव घ्या. ते गेलंय याची साक्ष मी देते, थडग्याचा फोटो लागणार नाही."